महापौरांची खोकी: न्यूयॉर्कच्या दफ्तरखान्यात काय काय सापडतं?

नमस्कार मंडळी.

(स्क्रीनवर: १,३३,१८७ डॉलर)

हा आकडा नीट बघा. एक लाख तेहतीस हजार एकशे सत्त्याऐंशी डॉलर. कशाचे? दोन दिवसांच्या प्लास्टरकामाचे. काळ १८७० च्या आसपासचा, शहर न्यूयॉर्क, बांधकाम नव्या कोर्टाच्या इमारतीचं आणि ठेकेदाराचं नाव अँड्र्यू गार्व्ही. त्याच इमारतीसाठी अकरा थर्मामीटर घेतले, साडेसात हजार डॉलरला. तेव्हाचे डॉलर, बरं का.

टक्केवारी हा काही आपल्याकडचा शोध नाही, एवढं तुमच्या लक्षात आलं असेल. पण आजचा विषय भ्रष्टाचार नाही. आजचा विषय आहे कागद. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका ठेकेदाराचं बिल मला शेवटच्या डॉलरपर्यंत सांगता येतंय, ते कुणीतरी वहीत लिहिलं आणि कुणीतरी ती वही बाहेर काढली म्हणून.

त्या काळी न्यूयॉर्कवर हुकूमत होती विल्यम ट्वीड या माणसाची. तो स्वतः महापौर नव्हता, महापौर होते ओकी हॉल. पण शहरात पान हलायचं ते ट्वीडच्या इशाऱ्यावर. जानेवारी १८७१ मध्ये या टोळीचा हिशेब सांभाळणारा लेखापाल बर्फावरच्या गाडीच्या अपघातात मेला, आणि वह्या नव्या माणसांच्या हाती लागल्या. त्यांनी गुपचूप नकला उतरवल्या. जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं ते आकडे छापले.

मग सप्टेंबरमध्ये एका रात्री शहराच्या हिशेब खात्यातून साडेतीन हजारांवर व्हाउचर चोरीला गेले. नेमके तेच! कुणाला वाटावं, संपला पुरावा. पण तपास करणाऱ्या सॅम्युअल टिल्डननं बँकेच्या वह्या मागवल्या. शहराच्या तिजोरीतून ठेकेदाराच्या खात्यात किती गेले आणि तिथून कुणाच्या खात्यात किती वळले, ते सगळं तिथं उमटलेलं होतं. कागद जाळणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं, की एका कागदाची दुसरी बाजू नेहमी दुसऱ्याच कुणाच्या कपाटात असते.

ट्वीड १८७८ मध्ये तुरुंगात मेला. आणि महापौर हॉल? सह्या त्यांच्याच होत्या. पण ‘सही करणं हे माझं कार्यालयीन काम, हिशेब तपासणं नव्हे,’ असा बचाव करत ते शेवटी निर्दोष सुटले. हा बचाव तुम्हाला ओळखीचा वाटला तर मी काही बोलत नाही.

आता साठेक वर्षं पुढे येऊ.

फिओरेलो ला गार्डिया. ज्यांच्या नावानं तिथला विमानतळ आहे ते. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, १९३४ ते १९४५ महापौर. जुलै १९४५ मध्ये वर्तमानपत्रं घरोघर पोचवणाऱ्यांचा संप झाला. रविवारची चित्रकथा मुलांपर्यंत पोचेना. तर हे गृहस्थ रेडिओवर गेले आणि डिक ट्रेसीची चित्रकथा हातवारे करत, आवाज काढत स्वतः वाचून दाखवली. शेवटी मुलांना सांगितलं, की वाईट मार्गाचा पैसा कधी लाभत नाही. ट्वीडच्या शहरात!

हे रेकॉर्डिंग आजही ऐकता येतं. ते टिकलं याचं एक साधं कारण आहे: तेव्हा ते रेडिओ केंद्रच महापालिकेच्या मालकीचं होतं, त्यामुळे त्याच्या तबकड्याही शहराच्या अभिलेखागारात आल्या. ला गार्डियांचे कागद क्वीन्समधल्या एका सरकारी कॉलेजात आहेत. १९८२ मध्ये तिथं खास संग्रह उभा राहिला. वॅगनर, बीम, कॉच या नंतरच्या महापौरांचेही कागद तिथं आहेत.

पण माझं मत विचाराल तर असलं रेकॉर्डिंग मजेचं असलं तरी त्यातून शहर कळत नाही. माईक चालू आहे हे ला गार्डियांना ठाऊक होतं. महापौर जे मुद्दाम मागे ठेवतो, त्यात तो छानच दिसतो. खरा माल त्या कागदांत असतो, जे जपायचे म्हणून कुणी केलेच नव्हते.

(स्क्रीनवर: जुन्या इमारतीचा कृष्णधवल फोटो)

याचं उदाहरण मला फार आवडतं. १९३९ ते १९४१ या काळात न्यूयॉर्क शहरानं आपल्या पाचही विभागांतल्या जवळजवळ प्रत्येक इमारतीचा फोटो काढला. सुमारे सात लाख वीस हजार फोटो! कशासाठी? घरपट्टीसाठी. मालमत्तेचं मूल्यांकन बरोबर व्हावं म्हणून. मंदीच्या काळात बेरोजगारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून माणसं घेतली. प्रत्येक फोटोत इमारतीसमोर एक पाटी, पाटीवर गट आणि भूखंडाचा क्रमांक. बस्स.

पण कॅमेऱ्याला काय, समोर येईल ते टिपायचं. दुकानांच्या पाट्या आल्या, पायरीवर बसलेली बायामाणसं आली, खिडकीत वाळत घातलेले कपडे आले, पुढे पाडल्या गेलेल्या आख्ख्या गल्ल्या आल्या. २०१८ मध्ये हे सगळं ऑनलाइन आलं, आणि आता लोक आजोबांचं घर शोधायला तिथं जातात. घरपट्टी खात्यानं त्यांच्यासाठी काढलेला नव्हता तो फोटो. तरीही तो त्यांचाच.

आता वादाकडे.

डिसेंबर २००१. महापौर रुडी जुलिआनी पायउतार होणार होते. ११ सप्टेंबरचा हल्ला नुकताच झालेला, जुलिआनी लोकप्रियतेच्या शिखरावर. कार्यकाळ संपायला आठवडा उरला असताना शहरानं त्यांच्याच नावाच्या एका खासगी संस्थेशी करार केला आणि महापौर कार्यालयाचे सगळे कागद त्या संस्थेकडे दिले. सुमारे दोन हजार खोकी. आपल्याकडचे ‘खोके’ नव्हेत हो, खरीखुरी पुठ्ठ्याची! ती गेली क्वीन्समधल्या एका खासगी गोदामात.

जुलिआनींच्या बाजूचं म्हणणं असं, की खासगी पैशातून कागदांची सूची लवकर होईल आणि शहराचा खर्च वाचेल. हे अगदीच खोटं म्हणता येत नाही. सरकारी अभिलेखागारात माणसांअभावी कागद वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. पण इतिहासकार आणि अभिलेखपाल खवळले, आणि बरोबरच खवळले. ज्याच्या कारभाराचे कागद, त्याच्याच संस्थेची माणसं ते पहिल्यांदा उघडणार. आत काय होतं याची यादीही तेच करणार. मग त्यातला एखादा कागद नाही, हे कळणार कुणाला?

गदारोळ झाला. २००३ मध्ये शहरानं कायदा केला, की महापौराचे कागद शहराच्याच ताब्यात राहतील.

तरी वाट निघतेच. पुढचे एक महापौर, बिल डी ब्लासिओ, यांनी बाहेरच्या सल्लागारांशी केलेले ईमेल उघड करायला नकार दिला. म्हणे हे सल्लागार ‘शहराचे प्रतिनिधी’, सबब हा पत्रव्यवहार अंतर्गत. पत्रकार कोर्टात गेले, महापौर हरले, आणि मे २०१८ मध्ये चार हजारांवर पानं बाहेर आली. त्यात काय निघालं? बरीचशी पत्रकारांबद्दलची कुरकुर!

आता कमेंटमध्ये हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच बोलतो: आपल्या महापौरांचे कागद कुठे?

आपल्याकडे गणित वेगळं आहे. मुंबईत १८८८ च्या कायद्यापासून कारभाराची सूत्रं आयुक्तांच्या हाती आहेत. महापौर सभागृहाचे अध्यक्ष. हे पद आधी ‘अध्यक्ष’ म्हणूनच ओळखलं जायचं, ‘महापौर’ १९३१ पासून. त्यामुळे न्यूयॉर्कसारखी ‘महापौरांची खोकी’ इथं शोधू नका. इथलं राजकारण सापडतं ते चिटणीस खात्याच्या इतिवृत्तांत. कुणी ठराव मांडला, कुणी हरकतीचा मुद्दा घेतला, कुणी तहकुबी मागितली, विरोधात हात कुणाचा वर होता.

तो हात महत्त्वाचा. महात्मा फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. फुले म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला. मतदान झालं तेव्हा विरोधात एकटे फुले होते. ठराव अर्थातच मंजूर झाला.

तुमच्या गावच्या नगरपालिकेतही असा एखादा हात वर झालेला असेल. शोधायचा तर रेकॉर्ड रूममध्ये नुसता विषय घेऊन जाऊ नका, तारीख घेऊन जा. इतिवृत्तं सभेच्या तारखेनं लावलेली असतात, आणि ‘त्या पाणीप्रश्नाचं काहीतरी हवंय’ म्हटलंत, तर समोरचा माणूस चहाला निघून जाईल.