गिंपमध्ये ‘सेव्ह’ केले, तरी जेपीजी फाइल का मिळत नाही?

नमस्कार. या चॅनलवर गिंपचा, म्हणजे चित्रे आणि छायाचित्रे संपादित करण्याच्या प्रोग्रामचा, कोणताही व्हिडिओ टाकला, मग तो छायाचित्राची पार्श्वभूमी काढण्याचा असो वा देवनागरी अक्षरे कमानीवर बसवण्याचा, त्याखाली एक प्रश्न हमखास येतो: ‘काम सेव्ह केले, पण जेपीजी कुठेच दिसत नाही.’ मार्च 2025 मध्ये गिंप 3.0 आले आणि जुन्या संगणकावर 2.6 सांभाळून बसलेली मंडळीही नव्या आवृत्तीकडे वळली, तेव्हापासून हा प्रश्न वाढला आहे. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर लिहिण्याऐवजी आज या एकाच विषयावर बोलणार आहे.

प्राथमिक भाग थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांना माहीत असतो. ‘सेव्ह’ म्हणजे कंट्रोल-एस; त्यातून फक्त एक्ससीएफ, म्हणजे गिंपची स्वतःची फाइल तयार होते. जेपीजी, पीएनजी, टिफ असे बाकी सारे प्रकार ‘एक्स्पोर्ट’मधून मिळतात, त्यासाठी कंट्रोल-ई, आणि नाव किंवा प्रकार बदलायचा असल्यास शिफ्ट-कंट्रोल-ई. ही विभागणी 3.0 ने केलेली नसून 3 मे 2012 रोजी आलेल्या 2.8 या आवृत्तीपासून चालत आली आहे.

ही विभागणी मुळात का करावी लागली, हे मात्र सावकाश पाहायला हवे. 2.6 मध्ये तुम्ही अनेक लेयर (एकावर एक रचलेले थर) असलेले चित्र जेपीजी म्हणून सेव्ह करत असाल, तर प्रोग्राम सांगत असे की या प्रकारात लेयर राहत नाहीत, तेव्हा चित्र सपाट करतो. आपण न वाचता होकार देत असू. डिस्कवर सपाट फाइल जाई, समोरच्या खिडकीत लेयर शाबूत दिसत आणि प्रोग्रामच्या लेखी काम सेव्ह झालेले असे. त्यामुळे खिडकी बंद करताना तो काहीही विचारत नसे. खिडकी मिटली की लेयर गेले.

हे मी ऐकीव सांगत नाही. 2011 मध्ये माझ्या मामेबहिणीची लग्नपत्रिका मी 2.6 मध्ये केली होती. चौदा लेयर होते: गणपती, वेलबुट्टी, कागदाचा पोत आणि मजकुराच्या प्रत्येक ओळीसाठी वेगळा लेयर. जेपीजी सेव्ह केली, खिडकी बंद केली आणि घरी सर्वांना दाखवली. आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि एवढेच विचारले, ‘मुहूर्तातला हू ऱ्हस्व कधीपासून झाला?’ मी ‘मुहुर्त’ लिहिले होते. एका उकाराची दुरुस्ती, पण अक्षरे आता अक्षरे राहिली नव्हती. ती कागदाच्या पोतात मिसळलेले रंगीत ठिपके झाली होती. शेजारचा पोत उचलून चुकीचा शब्द झाकायचा प्रयत्न केला, तर तिथे डाग पडल्यासारखे दिसू लागले. अखेर सगळी पत्रिका पहिल्यापासून केली. पुढच्या वर्षी 2.8 आले आणि लोक बदललेल्या ‘सेव्ह’वर चिडू लागले, तेव्हा मला मात्र त्याची बाजू लगेच पटली.

(पडद्यावर गिंपची खिडकी दिसते, बाण तिच्या शीर्षकपट्टीवर आहे.)

आता जिथे सर्वांचा पाय घसरतो, तिथे येऊ. एक्स्पोर्ट करणे म्हणजे सेव्ह करणे नव्हे. शीर्षकपट्टी वाचण्याची सवय लावून घ्या. जेपीजी उघडली की फाइलच्या नावापुढे ‘इम्पोर्टेड’ असे दिसते, एक्स्पोर्ट केल्यावर ‘एक्स्पोर्टेड’ असे दिसते. या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच: तुमच्या कामाची एक्ससीएफ फाइल अजून अस्तित्वात नाही.

हीच गोष्ट खिडकी बंद करताना पुन्हा समोर येते. ‘मी आत्ताच एक्स्पोर्ट केले, तरी बदल सेव्ह करायचे का, असे हा का विचारतो?’ ही तक्रार मला इतक्यांदा आली आहे की तिचे उत्तर मी झोपेतही देऊ शकेन. तो जेपीजीविषयी विचारत नाही. तो लेयर, मास्क (लेयरचा काही भाग झाकणारे आवरण) आणि बदलता येण्याजोग्या मजकुराविषयी विचारतो आहे. नुसते छायाचित्र कातरले असेल आणि जेपीजी हाती असेल, तर खुशाल ‘डिस्कार्ड चेंजेस’ दाबा. पत्रिका केली असेल, तर दाबू नका. हा प्रश्न नको तेव्हाही विचारला जातो आणि माणूस न वाचता उत्तर द्यायला शिकतो, हा या रचनेतला दोष आहे, हे मला मान्य आहे.

अजूनही पटत नसेल, तर खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छापखान्याची आठवण करा. जुळाऱ्याने एकेक खिळा लावून मजकूर जुळवलेला असे आणि त्यावरून कागद छापले जात. खिळे जुळलेले आहेत तोवर एखादा खिळा काढून दुसरा बसवता येई. खिळे सोडून पुन्हा खणात टाकले, की हाती छापील कागद तेवढे उरत. एक्ससीएफ म्हणजे जुळलेले खिळे आणि जेपीजी म्हणजे छापलेला कागद.

याच संदर्भात एका प्रकाराचा मला मनापासून वैताग आहे. काही जण एक्ससीएफ फाइल सेव्ह करतात, फोल्डरमध्ये जाऊन तिच्या नावाचे शेपूट पुसून तिथे ‘जेपीजी’ लिहितात आणि ती व्हॉट्सॲपवर पाठवतात. मग गटातले सगळे ‘उघडत नाही’ असे कळवतात. नाव बदलल्याने फाइल बदलत नाही. गिंपच्या सेव्हच्या चौकटीत जेपीजी असे नाव लिहिले, तर तो स्पष्ट नकार देतो आणि अलीकडच्या आवृत्तींत थेट एक्स्पोर्टच्या चौकटीकडे नेणारा दुवाही देतो. तो नकार वाचा, एवढीच विनंती आहे.

एका प्रेक्षकाने लिहिले आहे की फोटोशॉपमध्ये असा जाच नाही. 2021 मध्ये फोटोशॉप 22.4 ने ‘सेव्ह ॲज’मधून जेपीजीसारखे प्रकार काढून ‘सेव्ह अ कॉपी’त नेले, तेव्हा तिथेही असाच गहजब झाला होता. 22.4.2 मध्ये जुनी पद्धत परत आणण्याची सोय प्रेफरन्सेसमधल्या ‘फाइल हँडलिंग’ या भागात दिली गेली. म्हणजे तिथेही वारे त्याच दिशेने वाहिले. फरक इतकाच, की जुना दरवाजा किलकिला ठेवला गेला.

गिंपमध्येही एक दरवाजा आहे. दुसऱ्या एका प्रेक्षकाला घरातील जुन्या अल्बमची दोनशे स्कॅन कातरून सरळ करायची आहेत. प्रत्येक वेळी एक्स्पोर्टची चौकट भरणे त्यांना शक्य नाही. त्यांच्यासाठी फाइल मेनूत ‘ओव्हरराइट’ आहे. छायाचित्र उघडल्यावर तिथे त्याच फाइलचे नाव दिसते आणि त्या आज्ञेने मूळ फाइलवरच नवे चित्र लिहिले जाते. तिला मुळात शॉर्टकट नसतो. एडिट मेनूतल्या ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’मध्ये शोधून तुम्ही तो देऊ शकता. मात्र कंट्रोल-एस तिला देऊ नका. बोटे सवयीने कंट्रोल-एस दाबतात आणि मूळ स्कॅन एकदा गेले की परत येत नाही. शिवाय जेपीजी दरवेळी नव्याने दाबून लिहिली जाते आणि थोडा तपशील गमावते. म्हणून मूळ स्कॅनचे फोल्डर आधी दुसरीकडे उतरवून ठेवा.

3.0 वापरणाऱ्यांसाठी एक्ससीएफचे मोल आणखी वाढले आहे. या आवृत्तीत धूसरपणा, सावली यांसारखे फिल्टर लेयरवर तसेच ठेवता येतात आणि नंतर त्यांची मूल्ये बदलता येतात. एक्ससीएफमध्ये ते जिवंत राहतात. जेपीजी किंवा पीएनजीत त्यांचा परिणाम तेवढा चित्रात मुरतो. पारदर्शक भागाचेही तसेच आहे. पीएनजीत पारदर्शकता टिकते, जेपीजीत टिकत नाही आणि तिथे टूलबॉक्समध्ये निवडलेला पार्श्वभूमीचा रंग भरला जातो. ‘माझ्या लोगोमागे अचानक हिरवा चौकोन कुठून आला?’ असे विचारणाऱ्या प्रेक्षकाला हे उत्तर आहे.

शेवटची तक्रार जागेची: एक्ससीएफ फाइली फार मोठ्या होतात. 2.10 पासून सेव्हच्या चौकटीत अधिक चांगल्या, पण संथ कॉम्प्रेशनचा पर्याय आहे; त्यावर खूण केली की फाइल बरीच लहान होऊ शकते. मात्र अशी फाइल 2.8 मध्ये उघडत नाही. छापखान्यात किंवा मित्राकडे जुनी आवृत्ती असेल, तर ती खूण करू नका. नावाच्या शेवटी ‘.एक्ससीएफ.जीझेड’ हे शेपूट रोमन अक्षरांत लिहा, म्हणजे फाइल वेगळ्या पद्धतीने लहान होईल. त्यातही नव्या आवृत्तीची वैशिष्ट्ये वापरली असतील, तर जुन्या गिंपला ती वाचता येणार नाहीत. अशा वेळी छापखान्याला सरळ टिफ किंवा पीडीएफ एक्स्पोर्ट करून द्या आणि एक्ससीएफ आपल्याजवळ ठेवा.