तेरा दिवसांचा फरक

(दृश्य: कॉन्स्टँटिनोपल शहराची जुनी छायाचित्रं)

24 एप्रिल 1915. ऑटोमन (तुर्की) साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. तिथे त्या रात्री अर्मेनियन लेखक, डॉक्टर, वकील, पाद्री यांची धरपकड सुरू झाली. अर्मेनियन नरसंहाराची सुरुवात याच दिवसापासून मानतात. पकडलेल्यांत ग्रिगोरिस बालाकियान हे धर्मगुरू होते. त्यांना अनातोलियातल्या चांकिरीला हद्दपार केलं, तिथून सीरियाच्या वाळवंटातल्या डेर-झोरच्या दिशेने चालवत नेलं. वाटेत ते निसटले, वेश बदलून राहिले आणि पाहिलेलं सगळं लिहून काढलं. पहिला खंड 1922 साली व्हिएन्नात छापला, दुसरा 1959 साली पॅरिसमध्ये. इंग्रजी अनुवाद यायला 2009 उजाडलं. वाचलेल्या इतर अनेकांच्या आठवणींच्या वह्या तर अजून छापल्याही गेलेल्या नाहीत.

(दृश्य: शिसपेन्सिलीने लिहिलेलं पान, जवळून)

अशी वही हाती आली की लगेच अनुवादाला बसायचं नाही. आधी रंगीत स्कॅन, निदान 400 डीपीआयवर. पेन्सिलीचं लिखाण फिकट असेल तर दिवा बाजूने, तिरका धरायचा. मग मूळ लिपीतच, ओळीला ओळ ठेवून नक्कल. आपल्या घ आणि ध सारख्या फसव्या जोड्या अर्मेनियन लिपीतही आहेत. त्यात चूक झाली की गावाचं नावच बदलतं.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा. जुन्या (ज्युलियन) पंचांगाप्रमाणे त्या अटकेची तारीख 11 एप्रिल येते, आजच्या (ग्रेगोरियन) पंचांगापेक्षा तेरा दिवस आधीची. पण सगळीकडे डोळे झाकून तेरा मिळवणं धोक्याचं. ऑटोमन सरकारने 1917च्या मार्चपासून हा फरक काढून टाकला, चर्चचं पंचांग मात्र जुनंच चालू राहिलं. ऑटोमन सरकारचा सनही वेगळा होता; त्यात 584 मिळवले की एरवी इसवी सन येतो. पण ते सरकारी वर्ष 1 मार्चला सुरू व्हायचं, म्हणून 1331चा जानेवारी 1916 सालात पडतो. तिथेही 584च मिळवले की साक्षीदार एक वर्ष मागे जातो. मग हद्दपारीचा हुकूम निघायच्या आधीच तो वाळवंटात पोहोचलेला दिसतो आणि नरसंहार नाकारणाऱ्यांना आयतं कोलीत मिळतं.

वहीत एखादा सण सापडला तर ताळा करता येतो. 1915 साली दोन्ही पंचांगांचा ईस्टर एकाच दिवशी आला होता. वहीत तो 22 मार्चला असेल तर लेखक जुनं पंचांग वापरतोय, 4 एप्रिलला असेल तर नवं. तरी मूळ तारीख पुसायची नाही. नवी तारीख तिच्या शेजारी कंसात लिहायची.

गावांचंही तेच. खारपेर्ट म्हणजे हारपुत; आज शेजारचं मोठं शहर एलाझिग. माणसांची नावं पश्चिम आणि पूर्व अर्मेनियनमध्ये वेगळी उच्चारतात. क्रिकोर आणि ग्रिगोर हा एकच माणूस सूचीत दोन जागी पडला, तर त्याच्या नातवंडांना तो सापडत नाही. म्हणून सूचीत मूळ लिपीतलं नाव आणि दोन्ही उच्चार, तिन्ही हवेत.

(दृश्य: दोन रंगांनी खुणा केलेली नक्कल)

शिपायाच्या तोंडची वाक्यं कित्येकदा तुर्कीत असतात, पण अर्मेनियन अक्षरांत लिहिलेली. ती जशीच्या तशी ठेवून खाली अर्थ द्यावा, कारण कोण काय बोललं हाच इथे पुरावा आहे. पुनरुक्ती छाटू नये. मृतांचा आकडा इतर नोंदींशी जुळत नसेल तरी मजकुरात हात घालू नये, तळटीप द्यावी.

काही वह्या अख्ख्या अशा तुर्कीत आहेत. त्या वाचायला दोन्ही भाषा आणि जुनं हस्ताक्षर जाणणारा माणूस लागतो. पश्चिम अर्मेनियन भाषा युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या यादीत आहे. अशी माणसं कमी होताहेत, म्हणून काम हाती घेताना आधी याच वह्या काढायला हव्यात. छापील पुस्तकं थोडी थांबू शकतात.