आबांच्या पलटणीचा रस्ता

(दृश्य : टेबलावर पदक आणि जुनं डिस्चार्ज बुक)

हे आबांचं दुसऱ्या महायुद्धातलं पदक, इटली स्टार. सहा टोकांचा तारा आणि लाल, पांढरी, हिरवी फीत. इटलीच्या झेंड्यातलेच रंग. डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेल्या पुस्तिकेत, पलटण लिहिली आहे : पहिली बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातून बेळगावला भरतीला गेलेला माझा आजा थेट इटलीत पोचला.

आबा लढाईबद्दल फार बोलत नसत. आज्जी मात्र त्यांची एक गोष्ट सांगायची. "ह्यांनी तिकडं एका वाड्यात तसबिरींवर पहारा दिला. माणसापेक्षा मोठ्या तसबिरी!" घरात कुणी ती मनावर घेतली नाही. लढाईत तसबिरी कुठनं येणार?

(दृश्य : टेकडीवरचा वाडा)

फ्लॉरेन्सच्या नैऋत्येला, द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांत, मोंतेगुफोनीचा हा वाडा. युद्धात उफीझी कलादालनातली चित्रं शहराबाहेर हलवली, त्यांतली बरीच इथं आणून ठेवली होती. १९४४च्या उन्हाळ्यात आठव्या इंडियन डिव्हिजनची मराठा पलटण पुढं सरकत इथं आली, तेव्हा खोल्याखोल्यांत भिंतीला टेकवलेली चित्रं होती. बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा'सुद्धा. चित्रांना धक्का लागू नये म्हणून पहारे बसले.

'प्रिमावेरा' आता पुन्हा उफीझीत आहे. दोन मीटर उंच, तीन मीटरहून रुंद. गर्दीतून वाट काढत मी पुढं गेलो. पायाखालच्या गवतातलं एकेक फूल वेगळं रंगवलंय, झाडांना संत्री लगडलीत. त्या चित्रासमोर मला आज्जीची फार आठवण आली. तिची गोष्ट खरी होती, आणि हे तिला सांगायला ती राहिली नाही.

मोंतेगुफोनीच्या आधी हीच पलटण सांग्रो नदीवर आणि कासिनोच्या पायथ्याशी गारी नदीवर लढून आली होती. पुढचा हिवाळा डोंगरांत गेला. मग आली सेनिओ.

(दृश्य : नदी, दोन्ही काठांचे भराव)

नदी लहान आहे, पण दोन्ही काठांना आपल्याकडच्या कालव्यासारखे मातीचे भराव आहेत, आणि ते खूपच उंच. मी वर चढलो तर धाप लागली. याच भरावांत खंदक खोदून जर्मन सैन्य बसलं होतं. ९ एप्रिल १९४५ला आधी विमानांनी आणि तोफांनी भाजून काढलं आणि संध्याकाळी पायदळ पाण्यात उतरलं. आबांच्याच बटालियनमधला नगर जिल्ह्यातल्या निमजचा शिपाई, नामदेव जाधव, निरोप पोचवणारा कंपनी रनर होता. त्यानं दोन जखमींना एकेक करून, सुरुंगांच्या पट्ट्यातून, माघारी सुरक्षित आणलं. मग पुन्हा नदी ओलांडून मशिनगनच्या चौक्यांवर धावला. हाताला गोळी लागली. टॉमीगन चालवता येईना, तसे त्यानं हातगोळे टाकायला सुरुवात केली. तीन चौक्या गप्प झाल्यावर तो भरावाच्या माथ्यावर चढला आणि मराठा पलटणीची गर्जना देत मागच्यांना बोलावू लागला. शिवाजी महाराजांचा हा जयजयकार शिवजयंतीला आपण शिवाजी पेठेत ऐकतो, तो इथंही घुमला होता. जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला.

(दृश्य : फोर्ली, भारतीय सैनिकांचं स्मारक)

फोर्लीत भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, म्हणून त्यांची नावं दगडात कोरली आहेत, साडेसातशेहून जास्त. मराठा पलटणीची आडनावं वाचताना आपल्याच एसटीत बसल्यासारखं वाटतं. तिबेरच्या खोऱ्यात पडलेल्या यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या नावाची सूर्यघडी २०२३ साली मोंतोने गावानं उभारली. ही माणसं आपली स्मृती जपतात, याचं मला अप्रूप वाटलं आणि आपण काय जपलं या विचारानं बेचैनही झालो.

आबांचं नाव यातल्या कुठल्याच दगडावर नाही. ते परत आले, बावड्यात ऊस लावला, नातवंडं खेळवली. पदकाच्या फितीवरून मला देश कळला आणि पलटणीच्या नंबरावरून रस्ता. शिरोळपासून चंदगडपर्यंत कितीतरी घरांत अशा ट्रंका आहेत. आपल्या घरातली उघडा. डिस्चार्ज बुकाचं ते पान शोधा, त्यावरचा बटालियनचा नंबर वाचा, फोटो काढून ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, आज संध्याकाळीच, विचारा : आजा कुठं कुठं गेला होता?