काटा हलतो, पण क्षणभरच

(दृश्य: टेबलावर तांब्याच्या तारेचं वेटोळं. तारेची दोन्ही टोकं गॅल्व्हॅनोमीटरला, म्हणजे अगदी थोडा विद्युतप्रवाहही दाखवणाऱ्या मीटरला.)

इथे ना सेल आहे, ना बॅटरी. फक्त वेटोळं, मीटर आणि एक पट्टीचुंबक. चुंबक झटकन आत सरकवू. काटा उजवीकडे गेला... आणि लगेच शून्यावर आला. चुंबक अजून आतच आहे, पण तासभर तसाच ठेवला तरी काटा ढिम्म हलायचा नाही. आता बाहेर ओढू. काटा डावीकडे!

या क्षणभराच्या प्रवाहाने भल्याभल्यांना हुलकावणी दिली. १८२५ साली जिनिव्हात जाँ-दानिएल कोलादों नेमका हाच प्रयोग करत होता. चुंबकाच्या ओढीने मीटरची सुई भलतीच हलू नये, म्हणून त्याने मीटर दुसऱ्या खोलीत ठेवलं. चुंबक वेटोळ्यात घालायचा, मग चालत जाऊन काटा बघायचा. काटा प्रत्येक वेळी शून्यावर! खबरदारी अगदी रास्त होती. फक्त तो पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असायचं.

सहा वर्षांनी, १७ ऑक्टोबर १८३१ रोजी, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केला आणि काटा हलताना पाहिला.

(दृश्य: चुंबकाभोवतीच्या बलरेषांचं रेखाचित्र)

चुंबकाच्या बलरेषा वेटोळ्यातून जातात. त्या किती आहेत याला इथे महत्त्व नाही. त्या किती वेगाने वाढतात किंवा कमी होतात, यावर सगळं ठरतं. चुंबक जोरात हलवा, काटा जास्त सरकेल. तारेचे वेढे वाढवा, विद्युतदाब (व्होल्टेज) वाढेल. चुंबक स्थिर ठेवून वेटोळं हलवलं तरी चालतं.

(दृश्य: उभ्या वेटोळ्यातून खाली पडणारा चुंबक, शेजारी ऑसिलोस्कोपचा, म्हणजे विद्युतदाबाचा आलेख काढणाऱ्या यंत्राचा पडदा)

हा आलेख जरा निरखून पाहा. चुंबक आत शिरताना एक उंचवटा, बाहेर पडताना उलट दिशेला दुसरा. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा, पण अरुंद. कारण पडता पडता चुंबकाचा वेग वाढलेला असतो. मधे, चुंबक वेटोळ्याच्या ऐन मध्यावर असताना, आलेख शून्यातून जातो.

चुंबक वेटोळ्याजवळ सतत फिरता ठेवला, तर हे उलटसुलट उंचवटे एकामागून एक येत राहतात. हाच प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी. दोन ध्रुवांचा चुंबक मिनिटाला ३००० फेरे फिरला, की ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची वीज मिळते.

ती फुकट मात्र मिळत नाही. १८३४ मध्ये हाइनरिख लेंझने दिशेचा नियम मांडला: निर्माण होणारा प्रवाह, ज्या बदलामुळे तो निर्माण झाला, त्यालाच विरोध करतो. हाताने फिरवायच्या जनित्रावर हे थेट मनगटाला कळतं. बल्ब जोडलेला नसताना हँडल गरगर फिरतं. बल्ब जोडला, की तेच हँडल जड होतं. दुसरा जोडला, की आणखी जड.