कक्षेतला कचरा: हरकत नोंदवायची ती उड्डाणाआधी

मित्रहो, अवकाश कचऱ्याचा विषय निघाला की चर्चा लगेच जाळी, हार्पून आणि कचरा वेचणाऱ्या यानांकडे वळते. मला आज बोलायचंय ते कागदपत्रांबद्दल. उपग्रह निकामी झाल्यावर त्याचं काय करायचं, हे तो उडण्याच्या कितीतरी आधी, परवान्याच्या अर्जातल्या मोजक्या पानांवर ठरतं. सामान्य नागरिकाचा आवाज पोहोचू शकतो तो याच टप्प्यावर. एकदा उपग्रह वर गेला की फार थोडं हातात उरतं.

आधी धोक्याचं माप समजून घेऊ. अॅल्युमिनियमची एक सेंटिमीटर व्यासाची गोळी जेमतेम दीड ग्रॅमची. पण सेकंदाला १० किलोमीटर वेगाने ती आदळली, तर तिच्यात सुमारे ७० किलोज्यूल ऊर्जा असते. एक टन वजनाची मोटार ताशी ४३ किलोमीटरने येऊन धडकावी तेवढी. अंतराळ स्थानकाची ढाल साधारण एवढ्याच आकारापर्यंतचे तुकडे झेलू शकते. दहा सेंटिमीटरपेक्षा मोठ्या तुकड्यांचा माग रडार ठेवतं, त्यामुळे त्यांना चुकवता येतं. मधल्या आकाराचे तुकडे मात्र धड दिसत नाहीत आणि अडवताही येत नाहीत. एक सेंटिमीटरहून मोठ्या तुकड्यांची संख्या युरोपीय अवकाश संस्थेच्या अंदाजानुसार दहा लाखांच्या वर आहे.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. ६०० किलोमीटरच्या खालचा कचरा विरळ हवेच्या घर्षणाने काही वर्षांत खाली येतो. ८०० किलोमीटरवर शतकं लागतात, १,००० च्या वर हजार वर्षं किंवा जास्त. १० फेब्रुवारी २००९ रोजी चालू अवस्थेतला इरिडियम ३३ आणि बंद पडलेला कॉसमॉस २२५१ हे दोन उपग्रह एकमेकांवर आदळले ते सुमारे ७९० किलोमीटरवर. त्यातून नोंद घेण्याजोगे दोन हजारांवर तुकडे झाले आणि त्यातले बरेच आपल्या नातवंडांच्या काळातही फिरत असतील. २००७ मध्ये चीनने स्वतःचा हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला तोही ८५० किलोमीटरच्या वरच. २०१९ ची भारताची उपग्रह पाडण्याची चाचणी ३०० किलोमीटरच्या आत झाली, म्हणून बहुतेक तुकडे काही महिन्यांत जळून गेले. तरीही काही तुकडे धडकेच्या जोराने १,००० किलोमीटरच्या पुढे फेकले गेले होतेच.

आता नियम. मोहीम संपल्यावर २५ वर्षांत कक्षा रिकामी करावी, हा जुना संकेत. उपग्रहांना परवाने देणाऱ्या अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये ही मुदत २,००० किलोमीटरखालच्या उपग्रहांसाठी पाच वर्षांवर आणली. अमेरिकी बाजारात सेवा देऊ पाहणाऱ्या परदेशी उपग्रहांनाही ती लागू आहे. हा बदल करण्याआधी हरकती व सूचना मागवल्या होत्या. एकेका अर्जावरही, तो स्वीकारल्याची जाहीर सूचना निघाल्यापासून साधारण ३० दिवस हरकत घेता येते. अर्ज आणि त्याला जोडलेला कचरा-नियंत्रण आराखडा, दोन्ही कोणालाही वाचता येतात.

आराखडा वाचताना आधी इंधनाचा हिशेब पाहावा. भूस्थिर कक्षेतला, म्हणजे सुमारे ३६,००० किलोमीटरवर पृथ्वीच्या एकाच जागेवर स्थिर भासणारा उपग्रह खाली आणणं परवडत नाही, म्हणून निवृत्त करताना तो वर्दळीपासून दूर वर सरकवतात. तो ३०० किलोमीटर वर ढकलायचा तर वेगात सेकंदाला सुमारे ११ मीटरचा बदल करावा लागतो. तेवढ्याच इंधनात तो उपग्रह आणखी अडीच-तीन महिने जागेवर ठेवून कमाई करता येते. मोह तिथे आहे. शिवाय टाकीत किती इंधन उरलंय हे नेमकं कळतही नाही, कारण वजनहीन अवस्थेत ते तळाशी बसत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी थ्रस्टर (उपग्रह हलवणारं छोटं इंजिन) किती सेकंद चालला याची बेरीज करून, किंवा टाकीतल्या दाब-तापमानावरून अंदाज बांधतात आणि वर्षागणिक त्यात चूक साचत जाते. डिश या अमेरिकी कंपनीच्या एकोस्टार-७ या भूस्थिर उपग्रहाचं असंच झालं. मे २०२२ मध्ये तो निवृत्त व्हायचा होता. फेब्रुवारीत कळलं की इंधन फारच थोडं उरलंय. ३०० किलोमीटरचं वचन होतं, प्रत्यक्षात तो १२२ किलोमीटरच वर गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीला दीड लाख डॉलर दंड झाला, पण उपग्रह आहे तिथेच आहे. म्हणून हरकतीत विचारावं: इंधन मोजण्याची पद्धत कोणती, तिच्यात चूक किती धरली आहे, आणि त्या चुकीइतका साठा वेगळा राखला आहे का?

मग अपयशाचं प्रमाण. ‘९५ टक्के उपग्रह यशस्वीपणे खाली आणू’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं. हजार उपग्रहांच्या ताफ्यात त्याचा अर्थ पन्नास मृत उपग्रह. ५०० किलोमीटरवर ते काही वर्षांत आपोआप पडतील, १,२०० वर पिढ्यान्‌पिढ्या राहतील. टक्केवारी उंचीशिवाय वाचूच नये.

निकामी वस्तू नंतर फुटू नये म्हणून उरलेलं इंधन सोडून देणं, टाक्यांचा दाब उतरवणं आणि बॅटऱ्या कायमच्या निकामी करणं यांचा उल्लेख बहुतेक आराखड्यांत असतो. रॉकेटच्या टप्प्यांसाठीही तो आहे ना, एवढं पाहावं. पीएसएलव्ही-सी३ चा चौथा टप्पा डिसेंबर २००१ मध्ये कक्षेतच फुटला आणि तीनशेहून अधिक तुकडे झाले. त्यानंतर इस्रोने हे टप्पे मोहिमेअखेर रिकामे करायला सुरुवात केली.

संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश समितीत नागरिकाला थेट जागा नाही. तिथे निर्णय सर्वसंमतीने होतात, म्हणजे एखादा देशही अडवू शकतो, आणि २००७ ची तिची कचराविषयक मार्गदर्शक तत्त्वं ऐच्छिक आहेत. तरी काही बिगरसरकारी संस्थांना निरीक्षक म्हणून बसता येतं. त्यांच्यामार्फत किंवा आपल्या देशाच्या प्रतिनिधी मंडळामार्फत मुद्दा पाठवायचा, तोही बैठकीच्या काही महिने आधी.

शेवटचा मुद्दा जमिनीवरच्या माणसांचा. अनियंत्रितपणे पडणाऱ्या वस्तूमुळे कोणाला इजा होण्याची शक्यता दहा हजारांत एकपेक्षा जास्त नसावी, ही सर्वत्र वापरली जाणारी मर्यादा. ‘सगळं जळून जाईल’ हे गणित असतं, आणि गणित चुकतं. अंतराळ स्थानकावरून मार्च २०२१ मध्ये सोडलेला जुन्या बॅटऱ्यांचा सांगाडा ८ मार्च २०२४ रोजी वातावरणात शिरला. तो पूर्ण जळेल असं नासाने धरलं होतं. इन्कोनेल मिश्रधातूचा ७०० ग्रॅमचा एक तुकडा फ्लोरिडातल्या घराचं छप्पर फोडून आत गेला. आणि ही मर्यादा लावली जाते एकेका वस्तूला. पाच हजार उपग्रहांच्या ताफ्यातला प्रत्येक उपग्रह ऐन मर्यादेवर असेल, तर ते सगळे एकदा खाली येईपर्यंत अपेक्षित इजेचा आकडा ०.५ होतो, म्हणजे अशा दोन ताफ्यांमागे सरासरी एका माणसाला इजा. म्हणून अर्जदाराकडे संपूर्ण ताफ्याची बेरीज मागावी. बदली उपग्रह धरून, परवान्याच्या पूर्ण मुदतीची, आणि कोणते भाग जळणार नाहीत त्यांच्या वजनासकट.