मानेची सोनोग्राफी काय सांगते?

नमस्कार मंडळी, आज मानेबद्दल बोलायचंय, म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या असतात ना, त्यांच्याबद्दल. त्या कातडीच्या इतक्या जवळ असतात की साध्या सोनोग्राफीत त्यांची भिंत स्वच्छ दिसते, सुई नाही, रेडिएशन नाही, जेल लावून प्रोब फिरवला की झालं. हृदयाच्या धमन्या अशा सहज दिसत नाहीत, पण चरबी साचण्याचा आजार एकाच जागी थांबत नाही, मानेत सापडला तर हृदयातही असण्याची शक्यता वाढते, म्हणून ही तपासणी.

आता रिपोर्टमध्ये काय बघायचं? १९८६ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी भिंतीच्या आतल्या दोन थरांची जाडी सोनोग्राफीने मोजता येते हे दाखवलं, आणि मग बरीच वर्षं सगळे त्या जाडीच्याच मागे लागले. पण ही जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शात मोजायची, वयाबरोबर ती तशीही वाढते, मोजणारा बदलला की आकडाही थोडा हलतो, त्यामुळे २०१३ च्या अमेरिकन गाइडलाइनने सरसकट जाडी मोजू नका असंच सांगितलं. मला विचाराल तर ते बरोबरच होतं. खरं महत्त्व प्लाकला आहे, म्हणजे भिंतीवर एका जागी आलेला उंचवटा, साधारण दीड मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर त्याला प्लाक म्हणतात.

आणि हे सगळ्यांनी उठून करायचं नाही हं! ज्यांना आधीच हार्ट अटॅक येऊन गेलाय त्यांची औषधं ठरलेली असतात, ज्यांचा धोका अगदीच कमी आहे त्यांना उगाच काळजी. उपयोग होतो तो मधल्या लोकांना, ज्यांचं बीपी, कोलेस्टेरॉल, वय बघून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू करावी की नको हे डॉक्टरांनाही पटकन ठरवता येत नाही.

स्वीडनमधला एक अभ्यास मला फार आवडतो. २०१९ मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला, ३,५३२ लोक होते, त्यातल्या निम्म्यांना त्यांच्याच धमनीचं चित्र समजावून सांगून दिलं, त्यांच्या डॉक्टरांनाही पाठवलं, आणि वर्षभराने त्यांचा धोक्याचा स्कोअर दुसऱ्या गटापेक्षा कमी निघाला. आपल्याच धमनीतला प्लाक डोळ्यांनी बघितला की माणूस गोळी चुकवत नाही, सिगरेट सोडायचं मनावर घेतो, असं मला तरी त्यातून वाटतं.

एक मात्र नीट ऐका. तोंड वाकडं होणं, हाताची ताकद जाणं, बोलणं अडखळणं असं अचानक झालं, म्हणजे मेंदूचं रक्त अडल्याची लक्षणं दिसली, तर अगदी दहा मिनिटांत बरं वाटलं तरी, सोनोग्राफीची अपॉइंटमेंट घेत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.