गप्पी मूळचे कुठले?

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘एका दुर्मीळ इंग्रजी आडनावाचा उगम आणि आजचा प्रसार’. मघाशी दारात चपला काढताना एका काकांनी मला विचारलं, ‘अहो, आपल्याच आडनावांचा पत्ता लागत नाही, इंग्रजांची कशाला?’ काका पहिल्याच रांगेत बसलेत, तेव्हा त्यांना आधी उत्तर देतो. काका, ते आडनाव तुमच्या घरच्या हौदात पोहून गेलंय. पावसाळा तोंडावर आला की आरोग्य सेवक बादली घेऊन दारात येतात, हौदाचं झाकण उघडायला सांगतात आणि दहा-बारा मासे आत सोडून जातात. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवलेलं असतं, ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’. हा गप्पी म्हणजे माणसाचं आडनाव आहे, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेट परगण्यातलं. गप्पांशी किंवा गप्प बसण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे आत्ताच सांगून टाकतो.

मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. आडनावाचं मूळ शोधायचं असेल तर त्या आडनावाच्या नामांकित माणसांचा माग काढत बसू नये; जे जागचे हलले नाहीत, त्यांना मोजावं. ही रीत माझी नाही. ती ज्याने घालून दिली त्याचंही आडनाव गप्पीच होतं. त्याच्याकडे येतो. पण आधी मासा, कारण माशाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

हौदातला गप्पी कधी जवळून पाहिलाय का? आमच्या भागातले आरोग्य सेवक चहाच्या गाळणीने मासे काढतात. गाळणी वर आली की नर आणि मादी लगेच ओळखू येतात. मादी मोठी, करडी, पोट सुटलेलं. नर तिच्या निम्मा, पण अंगावर नारिंगी, काळे, निळे ठिपके, आणि नराचे ठिपके एकासारखे दुसऱ्याचे नसतात. ही मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. म्हणूनच हौदात चार सोडले तरी महिन्याभरात बुजबुजाट होतो आणि डासांच्या अळ्या उरत नाहीत. जाता जाता विनंती करतो: हौद, टाकी, पडकी विहीर एवढ्यातच त्यांना ठेवा. ओढ्यात, तळ्यात सोडू नका. तिथे आपले स्थानिक छोटे मासे आहेत, तेही अळ्या खातात, आणि या पाहुण्यांच्या रेट्यापुढे त्यांचा टिकाव लागत नाही.

आता या माशाला गप्पी का म्हणायचं? रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी नावाचा गृहस्थ १८३६ मध्ये लंडनला जन्मला. आईवडील वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला, आणि हा पोरगा हेरेफर्डशरमधल्या किनर्सली नावाच्या जुन्या गढीत आजीआजोबांकडे वाढला. गढी पुढे याच्याकडेच यायची होती. पठ्ठ्याने अठराव्या वर्षी गढी आणि इंग्लंड दोन्ही सोडलं. १८५६ मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्यापाशी त्याचं जहाज फुटलं. वाचला, आणि दोनेक वर्षं माओरी लोकांत राहिला. जहाज फुटून परक्या किनाऱ्याला लागलेला विशीतला पोरगा घरी जायची पहिली बोट शोधेल की नाही? हा तिथला मुलूख हिंडत बसला! तिथून तो आईवडिलांकडे त्रिनिदादला गेला, तिथेच लग्न केलं आणि तिथेच १९१६ मध्ये वारला. नोकरी शाळाखात्यात, शाळा तपासायची. फावल्या वेळात शंखशिंपले, जीवाश्म, खडक. शास्त्राची पदवी नव्हती, तरी त्रिनिदादच्या भूगर्भावर त्याने लिहिलेले निबंध अभ्यासक वाचत राहिले. आपल्याकडे गावोगावी असे शिक्षक आणि अधिकारी होऊन गेले, नाणी गोळा करणारे, ताम्रपट उतरवून घेणारे. त्यांच्याविषयी मला फार आदर आहे, म्हणून या माणसावर मी रेंगाळतोय.

त्याने त्रिनिदादच्या ओढ्यातले काही मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. तिथे आल्बर्ट ग्युंथर हे मत्स्यशास्त्रज्ञ होते. मासा नवा आहे असं समजून १८६६ मध्ये त्यांनी त्याला पाठवणाऱ्याचं नाव दिलं, ‘जिरार्डिनस गप्पीआय’. पण बर्लिनच्या पीटर्स यांनी व्हेनेझुएलाहून आलेल्या याच माशाचं वर्णन १८५९ मध्येच छापून ठेवलं होतं, ‘पोसिलिया रेटिक्युलाटा’ या नावाने. प्राणिशास्त्रात आधी छापलेलं नाव चालतं. ग्युंथर यांचं नाव बाद झालं. शास्त्राच्या दप्तरातून गप्पी गेला, पण मत्स्यपेट्या पाळणाऱ्यांच्या तोंडी राहिला, तिथून हिवताप खात्याच्या परिपत्रकांत आला आणि तिथून आपल्या भिंतीवर. मत्स्यपालनाच्या काही पुस्तकांत या माणसाला ‘रेव्हरंड गप्पी’ करून टाकलंय. तो पाद्री कधीच नव्हता.

तेव्हा विसाव्या शतकात गप्पी हा शब्द जगभर झाला. पण त्यातून आडनावाच्या उगमाबद्दल काय कळलं? काहीच नाही. माशावरून माग काढत गेलात तर त्रिनिदादला पोचाल, गढीवरून गेलात तर हेरेफर्डशरला. डॉर्सेटच्या आसपासही फिरकणार नाही. ब्रिस्टलच्या गप्पींचंही तेच. सॅरा गप्पी या बाईंनी १८११ मध्ये पुलाच्या पायाच्या खांबांसाठी पेटंट घेतलं, आणि पुढच्या वर्षी चहाकॉफीच्या अशा भांड्याचं, ज्याच्या वाफेवर अंडं उकडावं आणि वर टोस्ट गरम राहावा. त्यांचा मुलगा टॉमस हा ब्रुनेल या नामांकित इंजिनिअरचा सहकारी, ‘ग्रेट ब्रिटन’ या लोखंडी आगबोटीच्या कामात अग्रभागी. ती बोट १८४३ मध्ये पाण्यात उतरली आणि आजही ब्रिस्टलला पाहता येते. पण सॅराबाई मूळच्या बर्मिंगहॅमच्या, माहेरच्या बीच. गप्पी झाल्या त्या लग्नाने.

इथे मला एक तक्रार मांडायचीच आहे. इंग्लंडमधल्या एका पर्यटनाच्या गावी मी एक दुकान पाहिलं. आडनाव सांगायचं, दुकानदार कळ दाबतो, आणि ढाल, सिंह, शिरस्त्राण असं चित्र चौकटीत बसवून मिळतं. खाली दोन ओळी: तुमचे पूर्वज अमुक सरदार, तमुक लढाईत लढले. माझ्यापुढे एक आजोबा होते, नातवासाठी चौकट घेत होते, डोळ्यांत पाणी होतं. मला गलबलून आलं आणि रागही आला. कारण इंग्लंडात आडनावाला ढाल, म्हणजे कुलचिन्ह, नसते. ती एका माणसाला मिळते आणि त्याच्या वंशजांकडे जाते. १४८४ पासून लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स हा कारभार पाहतं. त्याच आडनावाच्या दुसऱ्या कुणाचा तिच्यावर हक्क नाही. त्या आजोबांचे पूर्वज बहुधा नांगर धरणारे असणार, आणि नांगर धरणाऱ्यांची नावं गावच्या चर्चच्या नोंदवहीत आहेत. १५३८ पासून इंग्लंडच्या प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहिण्याचा हुकूम होता. खरी माणसं तिथे वाट पाहत असताना त्यांना खोटा सरदार विकायचा? आपल्याकडेही आडनावांच्या पुस्तिका निघतात. कुठलंही आडनाव काढा, तिसऱ्या ओळीत राजघराणं हजर. शेतकरी पूर्वज असण्यात कमीपणा कसला? ज्यांनी चारशे वर्षं एका शिवारात धान्य पिकवलं, त्यांच्यामुळेच आपण इथे बसलोय.

हे ज्याला पुरतं कळलं होतं, तो हेन्री ब्रूअम गप्पी. जन्म १८५४, कॉर्नवॉलमधलं फाल्मथ. आरमारात डॉक्टर. सॉलोमन बेटांवर गेला, प्रवाळांचा अभ्यास केला, मग एका वेगळ्याच गोष्टीच्या मागे लागला: झाडांचं बी समुद्रावरून कसं पसरतं? कुठलं बी खाऱ्या पाण्यात किती दिवस तरंगतं, नंतर रुजतं की कुजतं? त्याने बिया महिनोन् महिने पाण्यात ठेवून पाहिल्या. हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर, किनाऱ्याला लागलेल्या बिया बघायला १८८८ मध्ये जाऊन आला. आणि दोन वर्षांनी, १८९० मध्ये, याच माणसाने ब्रिटनमधल्या आडनावांच्या मूळ घरांवर जाडजूड पुस्तक छापलं. बिया आणि आडनावं! लोकांना हे दोन वेगळे छंद वाटतात. मला वाटतं, त्याच्या डोक्यात प्रश्न एकच होता. एखादी गोष्ट आज इथे दिसते, तर ती निघाली कुठून?

त्याची रीत बघा. त्याने गावोगावच्या व्यापारी डिरेक्टऱ्या घेतल्या आणि त्यातले फक्त शेतकरी मोजले. व्यापारी नाही, वकील नाही, शहरातलं कुणी नाही. कारण शेतकरी जमिनीला धरून असतो. प्रत्येक परगण्यात दर दहा हजार शेतकऱ्यांमागे एखाद्या आडनावाचे किती, हा आकडा काढला. सातांपेक्षा कमी निघाले तर ते आडनाव सोडून दिलं. मग आडनावांचे सहा वर्ग पाडले: एका टोकाला देशभर आढळणारी, दुसऱ्या टोकाला एखाद्याच परगण्यापुरती. यंत्र नाही, मदतनीस खातं नाही, नुसत्या याद्या आणि पेन्सिल. रीतीत उणिवा आहेत. शेतमजूर सुटले, आणि डॉर्सेटसारख्या परगण्यात बहुसंख्य तेच. शिवाय १८७० नंतर इंग्लंडच्या शेतीला मंदी आली होती, धरून बसणारे शेतकरीही उठू लागले होते. पण पाया पक्का होता.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. दहा मिनिटं आहेत आणि पत्रिकेवरचा विषय अजून तसाच आहे. झपाझप सांगतो.

उगम असा. डॉर्सेटच्या पश्चिम टोकाला, समुद्रापासून थोडं आत, मार्शवुड व्हेल नावाचं खोरं आहे. चिकणमातीची जमीन, झुडपांच्या कुंपणांनी तुकडे पाडलेली, गायीगुरांचा मुलूख. मोठी गावठाणं कमी, सुटी शेतघरं जास्त. तिथल्या वूटन फिट्झपेन गावाच्या हद्दीत गप्पी नावाची वस्ती आहे. तेराव्या शतकातल्या नोंदीत ती ‘गुपेहेय’ अशी लिहिलेली आहे. गुप्पा नावाच्या कुणा जुन्या सॅक्सन माणसाचं कुंपण घातलेलं रान, एवढंच. ना किल्ला, ना सरदार.

त्या वस्तीत राहणाऱ्याला कुणी गप्पी म्हणणार नाही, सगळेच तिथले. तो उठून दोन-चार मैलांवर गेला की शेजारी म्हणणार, हा गप्पीचा. आपल्याला हे समजावून सांगायला नको. नागपूरकर नागपुरात कमी आणि बाहेर जास्त सापडतात. म्हणजे गावावरून पडलेलं आडनाव आधी कुणीतरी बाहेर पडल्यावरच जन्मतं, आणि मग ती माणसं नव्या जागी मुळं धरून बसली तरच टिकतं. गप्पींनी तेच केलं. १८८१ च्या जनगणनेची नावनिशीवार यादी आता पुरी उतरवलेली आहे, तिच्यात शेतकरी, मजूर, नोकर, मुलंबाळं सगळी आहेत. तिच्यावरून नकाशा काढला की सगळ्यात गडद डाग डॉर्सेटवर पडतो. सहाशे वर्षांनी! घोडागाडीने दिवसाभरात उरकेल इतक्या टापूत मोठा भाग राहिलेला.

आज? ब्रिटनमध्ये अजूनही दक्षिण आणि नैर्ऋत्य बाजू जड आहे. समुद्रापलीकडे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका. यातला कॅनडाचा धागा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डॉर्सेटचं पूल हे बंदर कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या कॉड माशांच्या व्यापारावर मोठं झालं. अठराव्या शतकात पूलच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या तिथल्या ट्रिनिटी गावात होत्या. हंगामाला डॉर्सेटची पोरं जायची, काही तिथेच राहायची. न्यूफाउंडलंडमधली कितीतरी आडनावं म्हणूनच डॉर्सेटची आहेत, आणि गप्पी त्यांतलं एक. त्रिनिदादची शाखा माशावाल्या लेचमिअर गप्पीची; त्याचा मुलगा प्लांटॅजेनेट लेचमिअर गप्पी किडे अभ्यासणारा झाला.

आणखी एक, मग संपवतो. लेस्टर विद्यापीठात २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचं वाय गुणसूत्र, म्हणजे आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जाणारं, तपासलं गेलं. स्मिथ आडनावाचे पुरुष एकमेकांचे नातलग असण्याची शक्यता रस्त्यावरच्या कुठल्याही दोन माणसांइतकीच निघाली, कारण लोहार गावोगावी होते. आणि ॲटनबरो, तेही एका गावावरून पडलेलं दुर्मीळ आडनाव, त्यात दहातले जवळजवळ नऊ पुरुष एकाच पूर्वजाकडे जातात. हेन्री गप्पीने पेन्सिलीने जे मांडलं होतं, त्याला रक्ताची साक्ष मिळाली.

आता काकांसाठी. आपल्याकडे आजवर आडनावांवर लिहिताना लोक नामांकितांपासून सुरुवात करतात. तुम्ही मतदारयाद्याही बाजूला ठेवा, त्यात नोकरीनिमित्त आलेले सगळे असतात. सातबारा घ्या. तो आता घरबसल्या दिसतो. एक तालुका निवडा, एकच ‘कर’ आडनाव घ्या, गावागावातले त्या आडनावाचे खातेदार मोजा आणि दर हजारी आकडा काढा. आडनावातलं गाव आणि आकडा जिथे जास्तीत जास्त भरतो ते गाव, या दोहोंतलं अंतर किती कोसांचं निघतं, ते मला कळवा. वाचनालयाकडे माझा पत्ता आहे. दहा जणांनी दहा आडनावं केली, तर पुढच्या वर्षी इथे माझ्याऐवजी तुम्हीच बोलायला उभे राहाल.